आचाऱ्याचा आचार्य झालाय! ई-पुस्तकाची फाइल घरच्या घरी दुरुस्त कशी करायची?

सराफ्याची सून (इंदूर)

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकते, मी कॉम्प्युटरातली नाही. ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाले. तेव्हा "सोपं आहे" एवढंच म्हणून थांबू नका. माझा भाचा तेवढंच म्हणून जर्मनीला गेला.

आमच्या सासूबाईंची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या खतावणीसारखी लांब. त्यात अनारशांपासून जिरावणापर्यंत सगळं आहे. (जिरावण त्या घरीच कुटायच्या. बाजारचं पोह्यांवर भुरभुरवलेलं दिसलं की ताट बाजूला सारायच्या.) शिवाय शंभर पानांच्या पंगतीला तूरडाळ किती, गूळ किती, तूप किती, कोणाच्या लग्नात काय उरलं आणि काय कमी पडलं, हेही लिहिलंय. गराडूच्या (आमच्याकडचा तळून खायचा कंद) कृतीच्या पानावर तेलाचा एवढा डाग आहे की मागच्या पानावरचं आंब्याचं लोणचं पुढून वाचता येतं.

दोन वर्षांपूर्वी ही वही एका दुकानात टाइप करून घेतली. त्यांच्याकडे जुना फॉन्ट होता, तो त्यांनी युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-कॉम्प्युटरांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) फिरवून दिला. मग भाच्याने "मावशी, दो मिनट का काम है" म्हणत त्याचं ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, केलं. दोन मिनिटांतच केलं असणार, हे आता दिसतंय.

नणंदेच्या नातीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या फोनवर ही वही द्यावी असा बेत आहे. म्हणून परवा नीट वाचायला बसले, तर पहिल्याच पानावर "चूल पेटली की आचार्याला आधी चहा द्यावा". पुढे कैर्या, पुर्या, भाकर्या, खोबर्याचं सारण, आणि सगळ्यावर कडी म्हणजे "वर्हाड उतरले". वहीत मात्र सगळं बरोबर आहे, मी ताडून पाहिलं. दुकानात मूळ फाइल मागितली तर म्हणाले, मशीन फॉरमॅट झालं. म्हणजे माझ्याकडे कागदाची वही आणि ही ईपब, एवढंच.

कुठेतरी वाचलं की ईपब ही खरं तर झिप, म्हणजे अनेक फाइली दाबून बांधलेलं गाठोडं असते. म्हणून फाइलीच्या नावाचं शेपूट (टिंबानंतरचं) बदलून झिप केलं आणि उघडली. आत खरोखरच फोल्डर निघाले! प्रकरणांच्या फाइली नोटपॅडमध्ये उघडून दहाबारा कैऱ्या हाताने दुरुस्त केल्या, सगळं निवडून पुन्हा झिप केलं आणि शेपूट परत ईपब केलं. आता टॅब म्हणतो, फाइल खराब आहे. मूळ फाइल मी आधीच पेनड्राइव्हवर ठेवली होती, म्हणून अजून जिवंत आहे.

तर प्रश्न दोन. ही अक्षरं अशी का झाली आणि सगळ्या पुस्तकात एकदम कशी सुधारायची? आणि झिप पुन्हा बांधताना माझं काय चुकलं? तिसरा प्रश्न लहान आहे: ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, ते आपल्यासारखे होतील का?

घाईत आहे

फाइंड-रिप्लेस. "र्य" च्या जागी "ऱ्य". संपलं.

सराफ्याची सून (इंदूर)

@घाईत आहे, कॉपीवर करून पाहिलं. कैऱ्या, पुऱ्या झकास झाल्या. पण आता रवा "लाल होईपऱ्यंत" भाजायचा आहे आणि तळण "सूऱ्यफुलाच्या" तेलात. "पर्यंत" या पुस्तकात २७० वेळा येतो. स्वयंपाकाचं पुस्तक आहे हो, त्यात प्रत्येक गोष्ट काहीतरी होईपर्यंतच करतात.

रावपुऱ्याचा जुळारी (बडोदा)

ताई, सासूबाईंच्या आचाऱ्याला आचार्यपद कोणी दिलं ते सांगतो. जरा लांबेल.

मी बडोद्यात छापखान्यात ३८ वर्षं काढली. आधी खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवले, मग ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटर. खिळ्यांच्या काळी रफार एका घरात आणि पापणीसारखा अर्धा र (कैऱ्यातला) दुसऱ्या घरात. हात चुकला तर दोष जुळाऱ्याचा, आणि मुद्रितं तपासणारा तांबड्या शाईने तो दाखवून द्यायचा. कॉम्प्युटरात दोन्ही र एकाच घरातून निघतात आणि पुढेमागे काय आहे ते पाहून आकार ठरतो. गोंधळ तिथे आहे.

र, हलन्त, य अशी तीन चिन्हं ओळीने आली की रफार होतो: सूर्य, कार्य, आचार्य. पापणीचा र हवा असेल तर दोन वाटा आहेत. हलन्ताच्या पुढे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह टाकायचं, त्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, युनिकोडमधला त्याचा क्रमांक २००डी. नाहीतर साधा र सोडून खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त द्यायचा. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, युनिकोडच्या नियमांत दोन्ही बसतात. फॉन्ट फिरवताना बहुधा पहिली वाट घेतली गेली, आणि नंतर कोणीतरी "अदृश्य चिन्हं काढा" असं काहीतरी चालवलं. वर्डमधून येणारा कचरा काढायला लोक हे करतात. कचऱ्याबरोबर जोडचिन्हही गेलं. माझ्या इथल्या नावातून ते काढा, लगेच "रावपुर्याचा" होईल.

म्हणून तुम्ही दुसरी वाट घ्या, ०९३१ ची. त्यात न दिसणारं काही नाही, पुढे कोणी सफाई केली तरी टिकेल. एकच करा, ज्या जुन्यात जुन्या फोनवर पुस्तक वाचलं जाणार आहे त्यावर एक पान आधी उघडून पाहा. काही जुने फॉन्ट टिंब आणि हलन्त सुटे दाखवतात.

आता सगळीकडे एकदम कसं करायचं. एकदम करायचंच नाही. कोणता र्य खरा आणि कोणता बिघडलेला हे यंत्राला कळत नाही, कारण फरक सांगणारं चिन्हच उरलेलं नाही. दर्या आणि दऱ्या, दोन्ही शब्द खरे. पण तुमचं पुस्तक पाकाचं आहे, शब्द मोजके आहेत. सिजिल हा ईपब दुरुस्त करायचा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यात स्पेलचेक एडिटर नावाची खिडकी आहे, तिथे "सगळे शब्द दाखवा" यावर खूण केली की पुस्तकातला प्रत्येक वेगळा शब्द आणि तो किती वेळा आला ते दिसतं. वरच्या चौकटीत र्य टाकून गाळा. मराठीचा शब्दकोश बसवलेला नसला तरी यादी येते. तुमच्यासारखीला ही यादी म्हणजे वर्गाची हजेरी. दोनेकशे शब्द निघतील. प्रत्येकावर बोट ठेवायचं, बिघडलेला असेल तर तिथेच बदलायचा, तो पुस्तकभर बदलतो.

यादी फार मोठी वाटली तर आधी रेगेक्सने (नमुना देऊन शोधायची पद्धत) ढीग कमी करा. शोधायच्या चौकटीत हे: र्य(?!ंत) म्हणजे "ज्याच्या पुढे ंत नाही असा र्य". पर्यंत सगळे सुटतील. बदल करताना "सगळे बदला" हे बटण मात्र दाबू नका, "पुढचा शोधा" दाबत जा. र्ह साठी एवढा त्रास नाही. वर्हाड, तर्हा, गर्हाणं हे सगळे पापणीचेच. फक्त अर्हता वगैरे कुठे आहे का ते पाहून घ्या, पाककृतीत नसावं.

ल आणि श. दोन कामं आहेत. पुस्तकाच्या ओपीएफ फाइलीत (पुस्तकात काय काय आहे ते सांगणारी फाइल) भाषेची नोंद असते, ती बहुतेक इंग्रजीची असेल, कारण प्रोग्रॅम न विचारता तीच घालतात. तिथे मराठीचं "एम-आर" हे चिन्ह घाला, आणि प्रत्येक प्रकरणाच्या फाइलीत सुरुवातीला जी एचटीएमएल नावाची खूण (टॅग) असते तिच्यातही. फॉन्टमध्ये मराठी आकार असतील तर ते या नोंदीमुळे निवडले जातात. मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमलाही त्यामुळे कोणत्या भाषेत वाचायचं ते कळतं. एवढं करून फरक पडला नाही, तर ज्याचा मूळ घाटच मराठी आहे असा फॉन्ट पुस्तकात घाला. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा मोफत आहे, मी तोच वापरतो. फॉन्टची फाइल नुसती फोल्डरमध्ये ठेवून भागत नाही, ओपीएफमधल्या मॅनिफेस्टमध्ये (फाइलींच्या यादीत) तिची नोंद हवी. सिजिलमधून "फाइल जोडा" केलं तर ती नोंद आपोआप होते.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. पोटासाठी सर्व्हर सांभाळतो, पण घरी आजोबांच्या भजनांच्या चोपड्यांचं हेच चाललंय, म्हणून या खड्ड्यात मीही पडून आलोय. (फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात ती रोमन आहेत.)

झिप उघडल्यावर सगळ्यात वर "माइमटाइप" नावाची एक बारकी फाइल दिसली असेल, शेपूट नसलेली. तिच्यात एकच ओळ असते, "मी ईपब आहे" या अर्थाची, बरोबर २० अक्षरांची. या फाइलीचे तीन हट्ट. ती झिपमध्ये सगळ्यात पहिली हवी. ती दाबलेली नको, आहे तशी ठेवायची. आणि तिच्यात २० च्या पुढे काही नको, शेवटी एन्टरसुद्धा नाही. म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला झिप न सोडताच, सुरुवातीचे काही बाइट पाहून, हे पुस्तक आहे हे कळावं. विंडोजमध्ये सगळं निवडून उजव्या बटणाने झिप केलं की ती फाइलही दाबली जाते, आणि क्रम कोणता लागेल ते आपल्या हातात नसतं. काही अॅप याकडे काणाडोळा करतात, काही करत नाहीत. तुमचा टॅब दुसऱ्या जातीचा.

बरं, चुकून तुम्ही बाहेरचा फोल्डरच झिप केला नाही ना? मग सगळं एक पायरी खाली जातं आणि प्रोग्रॅमला "मेटा-इन्फ" फोल्डर सापडत नाही. त्यातली कंटेनर नावाची फाइल सांगते की ओपीएफ कुठे आहे. ओपीएफ सांगते की पुस्तकात काय काय आहे आणि कोणत्या क्रमाने वाचायचं. पहिली कडी तुटली की पुढचं सगळं अडलं.

हाताने बांधायचं असेल तर सेव्हन-झिप हा झिप बांधायचा प्रोग्रॅम घ्या. आधी एकट्या माइमटाइपची झिप करा, प्रकार झिप, दाबण्याची पातळी "स्टोअर". मग ती झिप सेव्हन-झिपच्या खिडकीत उघडून बाकीचे फोल्डर तिच्यात ओढून टाका. शेवटी शेपूट बदला. आमच्या लिनक्सवर हेच दोन ओळींत होतं. खरं सांगू? रोजच्या कामाला सिजिल किंवा कॅलिबर या तसल्याच प्रोग्रॅमचा एडिटर वापरा, सेव्ह केलं की ते हे सगळं स्वतःच नीट बांधतात. पण एकदा हाताने करून पाहाच. मग कुठलीही फाइल बिघडली तरी भीती वाटत नाही.

नोटपॅडमध्ये हात घातला आहात, तर आणखी एक. आत एक्सएचटीएमएल (मजकुराला खुणा लावायची भाषा) असतं, ते फार सोवळं. एक टॅग उघडा राहिला किंवा सुटं "&" आलं तरी अख्खं प्रकरण बसून जातं. आणि इंदूरच्या वहीत कुठेतरी "मिठाई & नमकीन" असणारच! त्या चिन्हाच्या जागी सरळ "आणि" लिहा. चूक कुठे आहे ते शोधायला ईपबचेक आहे, डब्ल्यूथ्रीसीचा (वेबचे नियम ठरवणारी संस्था), फुकट. तो फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक सांगतो. पहिल्यांदा शंभर चुका दाखवील, घाबरू नका, बऱ्याचदा त्या एकाच चुकीची पिल्लं असतात.

अजून दोन गोष्टी माझ्या अनुभवातल्या. वेलांट्या आणि रफार वरून कापले जात असतील तर सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते सांगणारी फाइल) लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, पाहा. रोमन अक्षरांच्या हिशेबाने १.२ ठेवलेली असते, देवनागरीला १.६ तरी द्या. आणि लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) कुठे असेल तर काढून टाका, शिरोरेषेचे तुकडे होतात. दुरुस्त फाइल टॅबवर टाकूनही जुनीच अक्षरं दिसली तर डोकं धरू नका. पुस्तकाचा ओळख क्रमांक तोच असल्यामुळे काही अॅप जुनी प्रतच दाखवत राहतात. जुनी काढून मग नवी टाका. यात माझी एक रात्र गेली आहे, थंडीतली, ग्वाल्हेरची.

सराफ्याची सून (इंदूर)

जुळारीकाका, लष्करवाले भाऊ, पुस्तक उघडलं!

आधी हाताने केलं, हट्टाने. माइमटाइपची फाइल पाहिली तर २२ बाइट! पहिल्या दिवशी मीच ती नोटपॅडमध्ये उघडून, शेवटी एन्टर मारून सेव्ह केली होती. आत काय आहे ते पाहू या म्हणून. एन्टर एकदाच मारला, मग दोन बाइट कसे वाढले, हे गणिताच्या बाईला छळत होतं. मुलाने सांगितलं, विंडोजमध्ये एका एन्टरची दोन चिन्हं होतात. मग झोप लागली.

"&" पण सापडला. मिठाईच्या दुकानाच्या नावात नाही, "चिवडा & शेव" असा मथळ्यात. वहीत सासूबाईंनी "व" लिहिलंय. हे टाइप करणाऱ्याचं कर्तृत्व.

र्य ची यादी १८७ शब्दांची निघाली. त्यात खरे २३. दोन दुपारी गेल्या. नवऱ्याला शेजारी बसवलं होतं, मी शब्द म्हणायचे आणि ते "पापणी" किंवा "रफार" म्हणायचे. "मिर्यांची", "जिर्याची", "दुसर्या", "पांढर्या", पापणी, पापणी, पापणी. शेवटी त्यांना जेवताना "वाढ" म्हणायच्या ऐवजी "पापणी" म्हणायची वेळ आली. भाषेची नोंद काकांनी म्हटल्याप्रमाणे इंग्रजीचीच होती. बदलल्यावर फोनवर फरक दिसला, टॅबवर नाही, म्हणून यशोमुद्रा घातला. आता श बघून बरं वाटतं.

पण फजिती पुढेच आहे. आचार्य हा शब्द यादीत आला तेव्हा मी मान वर न करता सगळे बदलून टाकले. स्वयंपाकाच्या वहीत आचाऱ्याशिवाय कोण असणार? फाइल नणंदेला पाठवली. तासाभरात फोन. "वहिनी, धाकट्याच्या मुंजीत आईने आचाऱ्याला दोनदा पैसे दिले का गं?" पान काढलं. माझ्या पुस्तकात होतं: "आचाऱ्यांना धोतरजोडी व ११ रुपये, आचाऱ्यांना २१ रुपये व नारळ." वहीत पहिल्यावर स्वच्छ रफार आहे, दुसऱ्यावर पापणी. पहिले मुंज लावणारे गुरुजी, दुसरे पंगतीचे आचारी. टाइप करणाऱ्याने दोघांना आचार्य केलं होतं, मी दोघांना आचारी केलं. (आचाऱ्याला दहा रुपये जास्त, हे सासूबाईंना शोभतं.)

मग मागचे सगळे बदल वहीशी एकेक करून ताडले. "सगळे बदला" दाबू नका असं काकांनी रेगेक्ससाठी सांगितलं होतं, मी ते यादीसाठी धरलंच नव्हतं. आणखी एक सापडला, "कोर्या कपड्यात बांधून ठेवावे". तो कोऱ्या झाला होता, बरोबरच होता, पण तोवर माझा स्वतःवरचा विश्वास उडाला होता.

रावपुऱ्याचा जुळारी (बडोदा)

ताई, चूक माझी. यादीतून बदललं तरी ते "सगळे बदला"च असतं, हे मला सांगायला हवं होतं. जे शब्द दोन्ही तऱ्हांनी खरे ठरतात ते यादीत सोडून द्यायचे आणि मागाहून एकेक ठिकाणी जाऊन पाहायचे. आम्ही मुद्रितं तपासताना अशा शब्दांची चिठ्ठी टेबलावर चिकटवून ठेवायचो. नणंदबाईंना छापखान्यात नोकरी मिळाली असती.

सराफ्याची सून (इंदूर)

त्यांना कळवते, आता चढून बसतील. त्यांचीच एक फर्माईश आहे: गराडूच्या पानाचा फोटो, तेलाच्या डागासकट, पुस्तकात हवा. मुलाने काढून दिला, ६ एमबीचा आहे. तसाच घालू का?

लष्करवाला (ग्वाल्हेर)

नको. लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणा, जेपेग करा, मग सिजिलमधूनच जोडा. फाइलीचं नाव रोमनमध्ये ठेवा, मध्ये जागा सोडू नका. आणि ऑल्ट टेक्स्टमध्ये (चित्राऐवजी वाचला जाणारा मजकूर) "तेलाचा डाग" असं लिहा, नाहीतर मोठ्याने वाचणारं अॅप तिथे फाइलीचं नाव वाचत बसेल.